जुन्या बॉक्स्टरसाठी कूलिंग तपासणीचा संच: नागपूरच्या उन्हात किती कामाचा?

प्लास्टिकच्या एका पेटीत तीन हत्यारं. पहिलं म्हणजे प्रेशर टेस्टर: काटा बसवलेला हातपंप आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारे दहा-बारा रंगीत अडॅप्टर. दुसरं, कंप्रेसरच्या हवेवर चालणारा, आतली हवा ओढून कुलंट भरणारा व्हॅक्यूम फिलर. तिसरं, निळ्या द्रावाची नळी आणि रबरी फुगा असलेला ब्लॉक टेस्टर. बिनब्रँडचा हा माल ऑनलाइन नाना नावांनी विकला जातो, आतलं सामान थोड्याफार फरकानं तेच. तिन्ही वस्तू मिळून दहा हजारांच्या आसपास जातात. कधी एकत्र मिळतात, कधी तीन ऑर्डरी कराव्या लागतात.

इथं हा संच पाहिला आहे तो पोर्श बॉक्स्टर ९८६ च्या हिशेबानं. ही १९९६ ते २००४ या काळात बनलेली गाडी. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढच्या चाकांच्याही पुढे आणि मधलं सगळं अंतर कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्राव) गाडीच्या पोटाखालच्या पाइपांतून जातं-येतं. नागपूरच्या मे महिन्यात या रचनेची खरी परीक्षा होते.

निकाल आधीच सांगून टाकतो. व्हॅक्यूम फिलरसाठी पैसे खुशाल टाका. प्रेशर टेस्टर अडॅप्टर तपासूनच घ्या. ब्लॉक टेस्टर घेतला तर त्याचा रंग कधी खोटं बोलतो ते समजून वापरा. आणि मुख्य म्हणजे हा संच गळती दाखवतो, आत अडकलेली हवा काढतो, पण गाडी का तापते हे बहुतेक वेळा सांगत नाही. ते पेटी उघडायच्या आधी शोधायचं असतं.

आधी ते शोधणंच बघू, नाहीतर दहा हजार घालूनही सिग्नलवर तापमानाचा काटा चढलेलाच दिसेल.

गाडी कधी तापते, हा पहिला प्रश्न. सीताबर्डीच्या गर्दीत रांगताना तापमान चढतं आणि वर्धा रोडला मोकळा रस्ता मिळाला की उतरतं, तर दोष हवेचा आहे: पंखा नाही तर रेडिएटरच्या तोंडाशी अडकलेला कचरा. उलट, समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगानं अर्धा तास गेल्यावर काटा चढायला लागतो, तर हवा भरपूर आहे, पाणीच फिरत नाही: पंप, थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) किंवा आतून चोंदलेल्या रेडिएटरच्या नळ्या. गाडी तापत नाही, पण दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर कुलंट गायब होतं, ही तिसरी तऱ्हा. हा संच मुख्यतः या तिसऱ्या तऱ्हेसाठी आहे.

९८६ ला पुढे डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन रेडिएटर आहेत. ‘बॉक्स्टर एस’ या प्रकाराला मधोमध तिसराही असतो. बाजूच्या प्रत्येक रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), आणि दोघांच्या मधे बोटभर फट. पुढच्या बंपरच्या जाळीतून आलेला पाला थेट या फटीत जाऊन बसतो. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्सच्या सावलीत गाडी उभी करणाऱ्यांना मार्च-एप्रिलची कडुनिंबाची पानगळ माहीत आहेच. ती बारीक पानं जाळीला अडत नाहीत. आधी फटीच्या तळाशी साठतात, मग त्यावर धूळ बसते, पहिल्या पावसात तिचा गिलावा होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक. बाहेरून टॉर्च मारली तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि पाहणाऱ्याचं समाधान होतं. बंपर काढून कंडेन्सर थोडा पुढे ओढल्याशिवाय मागचा थर दिसतच नाही. साफ करताना मऊ ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर आणि मग मागून पुढे हलक्या धारेचं पाणी. धुलाई सेंटरचा प्रेशर पंप लावला तर ॲल्युमिनियमच्या पाती वाकतात आणि अर्धा रेडिएटर आपणच बंद करून घेतो.

पंख्यांची तपासणी फुकट आहे. इंजिन चालू करून एसी लावा, दोन्ही बाजूचे पंखे हळू वेगानं फिरायला हवेत. हळू वेग वीज कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून येतो आणि हा रेझिस्टर जळणं ही ९८६ ची जुनी खोड आहे. तो जळला तरी पंखा मेलेला नसतो. तापमान शंभरच्या वर गेलं की तोच पंखा जोरात घोंघावतो, त्यामुळे ‘पंखा चालतो ना’ म्हणून विषय मिटतो. पण आपल्याकडे याची खूण काट्याच्या आधी एसी देतो: धावत्या गाडीत गार हवा, सिग्नलला उभं राहिलं की कोमट. ही तक्रार घेऊन गेलं की बरेच जण एसीचा गॅस भरून देतात. गॅस भरण्याआधी पंखे बघा. जोराचा वेगही येत नसेल तर पंख्याचा रिले (वीज चालू-बंद करणारा खटका) काढून ३० आणि ८७ या टोकांना फ्यूज लावलेल्या वायरनं जोडा. पंखा फिरला तर मोटार ठीक, दोष रिलेचा किंवा त्याला येणाऱ्या हुकमाचा.

या टप्प्यावर पेटीतल्या कुठल्याही हत्यारापेक्षा हजाराच्या आतली तापमानाची बंदूक जास्त उपयोगी पडते. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचा, बराच कमी आकडा दाखवते. जिथं मोजायचं तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा. दोन्ही रेडिएटरचं येणारं आणि जाणारं तोंड मोजा. एका बाजूचा पाइप दुसऱ्यापेक्षा बराच गार असेल, तर त्या बाजूला पाणी जात नाही: हवा अडकली आहे किंवा नळ्या भरल्या आहेत. डॅशबोर्डच्या काट्यावर अवलंबून राहू नका, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून कुलंटचा खरा आकडा वाचा.

आता पेटी.

प्रेशर टेस्टरचं काम सोपं आहे. गार इंजिनवर मागच्या डिकीतल्या कुलंटच्या टाकीचं टोपण काढायचं, त्या जागी अडॅप्टर, मग हातपंपानं हवा भरून काट्याकडे बघत बसायचं. बॉक्स्टरला याची गरज इतर गाड्यांपेक्षा जास्त, कारण इथं बॉनेट उघडून इंजिन बघायची सोयच नाही. सीटमागचा गालिचा आणि पत्रा काढा किंवा गाडी लिफ्टवर घ्या, तेव्हा कुठं अर्धं इंजिन दिसतं. जिथं डोळा पोचत नाही तिथं काटा तरी बोलतो.

पण पहिली अडचण अडॅप्टरचीच. ९८६ च्या टाकीचं तोंड आट्याचं आहे, जुन्या पद्धतीच्या दोन कानांच्या टोपणाचं नाही. जाहिरातीत गाड्यांच्या लांबलचक यादीत ‘पोर्श’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आपलं टोपण काढून आट्याचा व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर कॅलिपरनं मोजा, विक्रेत्याला विचारा, मगच पैसे द्या. न बसणाऱ्या तोंडासाठी पेटीत रबरी गुल्ली दिलेली असते, नट पिळला की फुगून तोंडात घट्ट बसणारी. अर्ध्या बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं एकक) ती धरते. त्यापुढे कधी सटकेल सांगता येत नाही, आणि सटकली तर कुलंट थेट डिकीच्या गालिच्यावर. त्यापेक्षा एखादं जुनं टोपण घेऊन हिंगणा एमआयडीसीकडच्या खरादवाल्याकडून त्याला भोक पाडून घ्या आणि त्यात पितळी निपल बसवून घ्या. हे कायमचं अडॅप्टर होतं आणि पेटीतल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा घट्ट बसतं. जुन्या टोपणाची दाबाची झडप मात्र आतून पक्की बंद करायला सांगा, नाहीतर हवा तिथूनच निघून जाईल.

किती दाब? टोपणाचा उघडण्याचा जो दाब गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिला आहे, त्याच्या खालीच राहायचं. पहिल्या तपासणीला १ बार पुरतो. वीस वर्षांच्या प्लास्टिकच्या टाकीला उगाच त्यापुढे ताणण्यात शहाणपण नाही. आधी टेस्टरचीच परीक्षा घ्या: अडॅप्टरचं तोंड बंद करून १ बार भरा आणि दहा मिनिटं ठेवा. अशा संचांमध्ये पंप आणि नळी जोडणारी झटपट कपलिंगच बऱ्याचदा सुसकारे टाकते. काटा तिथंच उतरत असेल तर गाडीवर आळ घेण्यात अर्थ नाही.

मग वेळ. सकाळी सावलीत ३० अंशांना टेस्टर लावला, चहा-नाश्ता, इतर कामं आटपली आणि दुपारी ४४ अंशांना काटा पाहिला, तर तो १ बारवरच दिसेल आणि गाडी पास झाली असं वाटेल. प्रत्यक्षात १४ अंश वाढले की आत कोंडलेल्या हवेचा दाब नुसत्या तापण्यानंच सुमारे ०.०९ बारनं वाढतो. शिवाय १७-१८ लिटर कुलंट त्याच वेळी शंभर मिलीच्या वर फुगतं आणि टाकीतली जेमतेम हवेची जागा आणखी दाबतं. म्हणजे काटा वर जायला हवा होता. तो जागेवर राहिला, याचा अर्थ गळती आहे. संचाच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं, कारण ते लिहिणाऱ्यानं नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, पाहिलेला नसावा. तपासणी पहाटे किंवा रात्री करा, अर्ध्या तासात आटपा, आणि सुरुवातीचं व शेवटचं तापमान दाबाच्या शेजारी लिहून ठेवा.

दाब उतरला की शोध. पहिला संशय मागच्या डिकीतल्या टाकीवर. तिच्या शिवणीला केसाएवढी चीर पडते. गालिचा उचलून खाली कोरडा टिश्यू पेपर पसरवा; गळतं त्या जागी तो ओला होतोच, आणि वाळल्यावर रंगाचा डागही राहतो. दुसरा संशय वॉटर पंपावर. त्याच्या खालच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कुलंटचा ओघळ दिसला किंवा बेल्ट काढून पुली हलवल्यावर बेअरिंगला खेळ जाणवला, तर पंप गेला. ९८६ च्या मूळ पंपाचा पंखा प्लास्टिकचा असतो आणि पाती तुटल्या की तुकडे इंजिनच्या वाटांमध्ये जाऊन बसतात. म्हणून पंप काढल्यावर पाती मोजायच्या. एखादी कमी असेल तर नवा पंप बसवायच्या आधी ती शोधून काढायची. धातूच्या पंख्याचे पंप मिळतात आणि कानाला दणकट वाटतात, पण बेअरिंग सैल झालं की तोच पंखा इंजिनचं घर खरवडतो. प्लास्टिकचा तुटला तर तो स्वतः मरतो, केसिंगला नेत नाही. बोल्ट एम-६ चे आहेत, १० न्यूटन-मीटरच्या वर पिळू नका, ॲल्युमिनियमचा आटा सोलला की साध्या कामाचं मोठं काम होतं.

गार इंजिनवर काटा ढळत नसेल तर इंजिन थोडं कोमट करून, बंद करून पुन्हा लावा. प्लास्टिकच्या काही चिरा गरम झाल्यावरच उघडतात. कडक तापलेल्या इंजिनवर मात्र टोपणाला हात लावायचा नाही. निम्मं कुलंट, निम्मं पाणी असं मिश्रण १ बारच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या पुढे उकळतं. टोपण फिरवताच तो दाब जातो, कुलंट क्षणात उकळतं आणि वाफेसकट तोंडावर येतं.

या हत्यारातली सगळ्यात मोठी उणीव सांगायची राहिली. टेस्टर टोपणाच्या जागी बसतो, म्हणजे टोपण तपासलंच जात नाही. आणि ९८६ मध्ये कुलंट गायब होण्याचं स्वस्तातलं कारण बऱ्याचदा टोपणच असतं. त्याच्या रबराला कडकपणा येतो, दाब धरत नाही, दाब नाही म्हणून उकळबिंदू खाली येतो आणि गरम दुपारी पाणी बाहेर पडतं. पोर्शनं या टोपणात वेळोवेळी सुधारणा केल्या. टोपणावरच्या भाग क्रमांकाचे शेवटचे अंक पाहा: ०१, ०२ असे असतील तर जुनं, ०४ असेल तर सुधारित. टोपण तपासायचं वेगळं अडॅप्टर या पेटीत आट्याच्या टोपणासाठी नसतंच. वीस वर्षांचं टोपण तपासत बसण्यापेक्षा नवं घेऊन मोकळं व्हा. खर्चाच्या मानानं एवढा फायदा देणारा दुसरा भाग या गाडीत नाही.

ब्लॉक टेस्टरबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांवरचं झाकण, म्हणजे हेड, यांमधलं सील) उडालं किंवा हेडला तडा गेला की जळलेला वायू कुलंटमध्ये येतो. टाकीच्या तोंडावर नळी ठेवून फुगा दाबत राहिलं की तिथली हवा निळ्या द्रावातून जाते, आणि कार्बन डायऑक्साइड असेल तर द्राव हिरवा, मग पिवळा होतो. द्राव ताजा आहे का, हे बघायला त्यात तोंडानं हळूच फुंकर मारा. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनंही तो पिवळट व्हायला हवा. मग मोकळ्या हवेत फुगा चेपत राहिलं की निळा परततो. परत आला नाही तर बाटली फेकून द्या.

बॉक्स्टरमध्ये याचा घोळ असा की टाकीचं तोंड मागच्या डिकीत आणि सायलेन्सरचं तोंड डिकीच्या बरोबर खाली. इंजिन चालू ठेवूनच ही तपासणी होते. वारा मागून असला किंवा गाडी बंद शेडमध्ये असली की धूर थेट डिकीत शिरतो आणि धडधाकट इंजिनवरही द्राव पिवळा पडतो. त्या पिवळ्या रंगावर विश्वास ठेवून इंजिन खोलायला सांगणं म्हणजे गाडीच्या किमतीशी खेळणं. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, सायलेन्सरला लांब नळी लावून धूर दूर सोडा, आणि आधी डिकीतल्या नुसत्या हवेत दोन मिनिटं फुगा दाबून रंग बदलत नाही याची खात्री करा. टाकीतली पातळी तोंडापासून चांगली चार-पाच सेंटिमीटर खाली आणा, नाहीतर कुलंटच नळीत चढतं आणि द्राव बिघडतो. थर्मोस्टॅट उघडून पाणी फिरू लागेपर्यंत थांबा, कारण दोन्ही हेडकडून वायू टाकीपर्यंत यायला वाट लांब आहे.

तेलाच्या टोपणाखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नका. ९८६ ची तेल भरायची नळी लांब आणि गार राहणारी आहे. पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्यांनी तिच्यात दव धरतं. टाकीतल्या कुलंटमध्येच दह्यासारखा लगदा तरंगत असेल तेव्हा मात्र मामला गंभीर: इंजिनवर बसवलेला तेल-पाण्याचा कूलर फुटला आहे किंवा हेडला तडा. कूलर स्वस्त आणि इंजिनच्या वरच्या बाजूलाच आहे, आधी तोच काढून दाबावर तपासा.

आता व्हॅक्यूम फिलर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. पुढे रेडिएटर, मधे इंजिन, टाकी मागे, पाइप पोटाखाली. या गाडीत वरून ओतलेलं कुलंट हवेला पुढे ढकलतं आणि ती हवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. फिलर आधी आतली हवा ओढून घेतो, मग झडप फिरवली की पोकळी स्वतःच कुलंट गिळते. तासभराचं काम पाच मिनिटांत होतं.

कंप्रेसर मात्र गॅरेजचा हवा, ६ ते ७ बार धरून ठेवणारा. टायरात हवा भरायच्या १२ व्होल्टच्या डबीवर हे चालणार नाही. काटा उणे ०.८ बारच्या पुढे गेला की ठीक. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे पेटीवर छापलेला कमाल आकडा इथं किंचित कमीच मिळणार. रबरी होज चपटे होतात, त्यानं दचकू नका. ते पूर्ववत होतात. न होणारा होज बदलायलाच आला होता.

इथंही दुपार टाळायची आणि कारण मजेशीर आहे. आतला दाब इतका उतरला की पाणी ५० अंशांना उकळतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनचा धातू तेवढा तापलेला असतोच. आत उरलेलं पाणी वाफ होत राहतं, काटा पुढे सरकत नाही, कंप्रेसर बंद केला की मागे येतो आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो. सकाळी सातला तीच गाडी काट्यावर ढिम्म उभी राहते. निर्वात किमान दहा मिनिटं टिकायला हवा. तो टिकला म्हणजे सगळं घट्ट आहे असंही नाही: ओढ आतल्या बाजूला असल्यानं काही सील उलट घट्ट बसतात. दाबाची तपासणी वेगळी करावीच लागते.

भरताना २० लिटरचा कॅन टाकीच्या पातळीला ठेवा. आत जाणाऱ्या नळीतली हवा आधी काढा, म्हणजे ती कुलंटनं काठोकाठ भरलेली असू द्या. नाहीतर फिलर पहिला घास हवेचाच घेतो. नळीचं टोक कॅनच्या तळाशी राहील असं बांधा. हीटर पूर्ण गरमवर. तरीही दोनेक लिटरची जागा रिकामी राहू शकते. डिकीत टाकीच्या तोंडाशेजारी तारेच्या कडीची झडप आहे, ती कडी उभी करून, गाडी गरम करून, गार होऊ देऊन पातळी पुन्हा भरायची. हे दोन वेळा करा.

आणि भरायचं काय? बोअरचं पाणी अजिबात नाही. उन्हाळा संपताना घरच्या कूलरच्या जाळीवर जो पांढरा, हाताला खडबडीत थर दिसतो, तोच थर रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत आतून बसतो, आणि जाळीसारखी ती नळी बाजारातून दोनशे रुपयांत बदलून मिळत नाही. फॉस्फेट असलेलं कुलंट आणि जड पाणी एकत्र आलं तर थर आणखी लवकर धरतो. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, १८ लिटरच्या गाडीला अकरा लिटर पुरतं. इथं पारा शून्याखाली जात नाही, म्हणून कुलंट ४० टक्के आणि पाणी ६० टक्के ठेवलं तरी चालतं. पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. ४० च्या खाली मात्र जाऊ नका, गंजरोधक पातळ होतं. वेगळ्या जातीची कुलंटं एकमेकांत मिसळू नका, रंग सारखा आहे म्हणून जात सारखी नसते.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील’ हा सल्ला कुठल्याही गॅरेजमध्ये फुकट मिळतो. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना त्याची मागची चकती रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करते. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं. मूळ थर्मोस्टॅट ८६ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, बाजारात ७१ अंशांचाही मिळतो. मोकळ्या रस्त्यावर त्याचा फरक पडतो. पण फटीत पाला आणि रेझिस्टर जळलेला असताना शंभरला दोन्ही सारखेच उघडे असतात.

गुणांचं विचाराल तर व्हॅक्यूम फिलरला पाचपैकी साडेचार, प्रेशर टेस्टरला तीन, कारण निम्मं काम खरादवाल्यानं केलं. ब्लॉक टेस्टरला अडीच. पेटीत न येणाऱ्या चार वस्तू जोडीला घ्या: जादा ओ-रिंगा (जोडांतली रबरी कडी), काळी टेप, नवं ०४ चं टोपण, आणि घट्ट झाकणाचा रिकामा कॅन. गाडीतून काढलेलं जुनं कुलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं. बादलीत उघडं ठेवलं तर गल्लीतली गाय किंवा कुत्रा तोंड लावतो, म्हणून ते काढताक्षणी कॅनमध्ये ओतून झाकण लावायचं.